बिननावाचा ठिपका

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे त्यातली सहा अंगं प्रत्यक्ष टेकवली आहेत, उरलेली दोन मनातल्या मनात. गोड मानून घ्यावं.) तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, कारण नसती तर हिने फोन करून मला बोल लावला असता. वहिनींचा खोकला कसा आहे? तुमच्या जिन्यातला दिवा दुरुस्त झाला का? मागच्या खेपेला त्या जिन्यात मी तिसऱ्या मजल्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी घरात जाऊन बसलो होतो आणि त्यांनी पाणी दिल्यावर मगच लक्षात आलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही ती गोष्ट अजून सांगता असं ऐकतो.

इकडे माझी तब्येत उत्तम आहे. ही तुमच्याकडे आल्यापासून वजन जरा उतरलं आहे, पण डॉक्टर बरीच वर्षं तेच करायला सांगत होते. आता आधीच स्पष्ट करतो की ही परत कधी येणार हे विचारायला हे पत्र लिहीत नाही. बहिणीने भावाकडे जावं, हवं तितकं राहावं, त्यात माझं म्हणणं काही नाही. फक्त तुम्ही उभी हयात कोर्टात कारकुनी करण्यात घालवलीत, तेव्हा एकाच बाजूचं ऐकून निकाल देणं तुम्हाला शोभणार नाही. हिने तिची बाजू मांडलीच असेल, वहिनींसमोर, आणि ओट्याशी उभं राहून. म्हणून माझी बाजू लेखी पाठवतो आहे.

आमचं टेकडी भ्रमण मंडळ तुम्हाला ऐकून माहीत आहे. दर रविवारी टेकडी चढायची, वर जाऊन डबे उघडायचे आणि खाली येऊन आपण निसर्गाच्या किती जवळ आहोत हे एकमेकांना सांगायचं, एवढाच या मंडळाचा उद्देश. यंदा मंडळाने सभासदांना हातात धरायची जीपीएस यंत्रं घ्यायला लावली. हा मोबाईल नव्हे. साबणाच्या वडीएवढं यंत्र, त्यावर त्याहून लहान पडदा, पोटात दोन सेल, आणि टेकडीमागे जिथे फोन मुका होतो तिथेही हे चालतं. आता यंत्र आलं म्हणजे त्यात नकाशा हवा, आणि नकाशा म्हटला की पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन असलेला माणूस हवा. तो मी. मला कोणी मानाने बोलावलं असं समजू नका. दुसरं कोणी फुकट करायला तयार नव्हतं.

नकाशाचं काम तुम्हाला थोडक्यात समजावतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा किती मोठा होता ते कळेल. आमच्या कचेरीत टेकडीचा एक ट्रेसिंग पेपर, त्यावर पाइपांचा दुसरा, त्यावर रस्त्यांचा तिसरा, असे कागद एकावर एक ठेवत असू. यंत्रातही तेच. ज्याला सगळे लेअर म्हणतात आणि मी थर म्हणतो, ते असे एकावर एक रचायचे. पण या थरांतला रंग आरपार दिसत नाही. जंगलाचा हिरवा आणि तळ्याचा निळा थर भिंतीच्या रंगासारखा असतो, जे खाली असेल ते झाकून टाकतो. म्हणून आधी रंग, त्यावर रेघा, म्हणजे रस्ते आणि पायवाटा, आणि सगळ्यांच्या वर ठिपके, म्हणजे नळ, बाक, मुतारी वगैरे. हा झाला पहिला नियम. दुसरा असा की कुठली वस्तू किती लांबून दिसावी ते ठरवायचं. लांबून पाहिलं तर टेकडी आणि हमरस्ता दिसला की पुरे. जवळ आणलं की पायवाटा, आणखी जवळ आणलं की बाक आणि नळ. सगळंच सगळीकडून दाखवायला गेलं तर त्या साबणाच्या वडीवर माशा बसल्यासारखं दिसतं. एवढी साधी गोष्ट आहे. तुमच्या वहिनींना (म्हणजे माझ्या वहिनींना, तुमच्या सौभाग्यवतींना) एका वाक्यात समजली असती.

मंडळाच्या कार्यकारिणीला ती तीन बैठकांत समजली नाही. या बैठका आमच्याच बैठकीच्या खोलीत होत, कारण चहा फुकट मिळतो. कार्यकारिणीत मी धरून चौघे. पहिले अध्यक्ष, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, ज्यांना अजून वाटतं की समोरचा माणूस कर्ज मागायला आला आहे. दुसरे खजिनदार, धंद्याने दातांचे डॉक्टर, जे बोलताना आपल्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात. तिसरा सर्वज्ञ. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते लिहायची इच्छा नाही. सगळ्यांत महागडं यंत्र याचं, आणि त्याच्यासोबत आलेलं पुस्तक त्याने निम्मं वाचलेलं, तेवढ्यावर अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला.

अध्यक्षांनी टेकडीवर बाकं दान केली आहेत. एक वडिलांच्या नावाचं, एक आजोबांच्या, आणि एक स्वतःच्या नावाचं, हयातीतच, उगाच पुढे कोणी विसरायला नको. त्यांचं म्हणणं, ही बाकं शहराबाहेरूनसुद्धा दिसली पाहिजेत. मी समजावलं की शहराबाहेर उभ्या माणसाला बसायचं असेल तर तो टेकडीपर्यंत चालत येणार नाही. त्यावर त्यांनी विचारलं की मग बाकांचा थर वर आहे की खाली. वर आहे म्हटल्यावर जरा शांत झाले. दादा, त्या माणसाच्या लेखी थर म्हणजे व्यासपीठावरच्या खुर्च्या. कोण वर, कोण खाली, एवढंच त्याला दिसत होतं. मग दातांच्या डॉक्टरांनी त्यांचा दवाखाना नकाशावर 'आपत्कालीन सेवा' म्हणून टाकावा अशी सूचना केली. टेकडीवर कोणाचा दात दुखला तर, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी उठून नियम मांडला की सामायिक नकाशात कोणाचीही खासगी जागा येणार नाही. हा नियम मीच लिहिला, मीच वाचला आणि तो एकमताने मंजूर झाला. (डॉक्टरांनी पुढे दवाखाना 'पिण्याच्या पाण्याची सोय' म्हणून घुसवलाच. तिथे बाहेर माठ आहे म्हणे. चोर तो चोर.)

आता घरातली एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे, कारण हिने ती आधीच सांगितली असेल आणि तिखटमीठ लावून सांगितली असेल. नकाशाच्या कामात बुडालो असताना माझ्या लक्षात आलं की आपल्या स्वयंपाकघरात थरांचा काही विचारच झालेला नाही. रोज लागणारे डबे, आठवड्याला लागणारे आणि वर्षातून एकदा लागणारे डबे एकाच फळीवर शेजारी शेजारी, जणू सगळ्यांचा दर्जा एकच. ही दुपारी बाहेर गेली होती तेव्हा मी सगळं शास्त्रशुद्ध लावलं. रोजचं पुढे, आठवड्याचं मागे, वर्षाचं माळ्यावर. डब्यांवर नावांऐवजी आकडे चिकटवले, कारण नकाशात प्रत्येक वस्तूच्या प्रकाराला आकडा असतो आणि एकदा आकडे पाठ झाले की नाव वाचण्यात वेळ जात नाही. एवढ्या मेहनतीचं हिने काय केलं असेल? स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली. मला वाटलं, भारावली. पुढच्या बैठकीला चहा आला तो बैठक संपल्यावर. ती आतून ओरडून चहाची पूड कुठे आहे विचारत होती, मी बाहेरून 'सतरा' असं सांगत होतो, आणि अध्यक्षांना वाटलं की ठरावाच्या बाजूने सतरा मतं पडली. दोष पद्धतीचा नव्हता. आकडे पाठ करायला हिने वेळच दिला नाही.

त्याच बैठकीत ती गोष्ट घडली. ही चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, टेबलावर पसरलेल्या नकाशाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, माझा तेवढा एक दगड टाका की."

हिचा दगड तुम्हाला माहीत नसेल. टेकडीवर टाकीच्या पुढे एक वळण आहे, त्याच्या खाली बाजूला, झाडांच्या आत, एक सपाट दगड आहे. गुडघा धरायला लागल्यापासून ही मंडळाबरोबर जात नाही. एकटी जाते, थर्मासमध्ये चहा नेते आणि त्या दगडावर बसते. तिथून आपल्या घराची गच्ची दिसते म्हणे. पाऊस आला आणि मी कपडे आत घेतले की नाही हे ही तिथे बसून बघते आणि घरी आल्यावर तोंडावर फेकते. दगडाची एवढीच ख्याती. तोवर मी तिथे कधी गेलेलो नव्हतो. ही सांगायची त्यावरून जेवढं माहीत होतं तेवढंच.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? समोर दातांचे डॉक्टर बसलेले, त्यांचा दवाखाना मी याच खोलीत, याच नियमाने नाकारलेला. मी हिला शांतपणे विचारलं की दगड कुठल्या प्रकारात घालू. बसायची जागा म्हणावी तर बाक नाही. प्रेक्षणीय स्थळ म्हणावं तर तिथून दिसतात माझे सदरे. नैसर्गिक वैशिष्ट्य म्हणावं तर टेकडीवर दगडांना तोटा नाही. म्हणजे राहिला 'अवर्गीकृत'. सर्वज्ञ हसला. अध्यक्ष म्हणाले की वहिनी, एक बाक देणगी द्या, लगेच नकाशावर येतं. मग सगळेच हसले. मीही हसलो असेन, बैठकीत सगळे हसले की हसावं लागतं. हिने कपबशा उचलल्या. डॉक्टरांचा चहा अर्धा उरला होता, तोही उचलला. ट्रे घेऊन आत गेली. काही बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

आता वार्षिक मोहीम. पन्नासेक माणसं, सगळ्यांच्या हातात यंत्रं, आणि त्यांत मी महिनाभर डोळे फोडून रचलेला नकाशा. पायथ्याशी सगळ्यांनी यंत्रं सुरू केली आणि मी माझ्या पडद्याकडे पाहिलं तर सगळं हिरवं. रस्ता नाही, पायवाट नाही, काही नाही. आख्ख्या टेकडीवर कोणी हिरवा डबा ओतल्यासारखं. चौकशी केली तेव्हा कळलं की अध्यक्षांनी आदल्या दिवशी सर्वज्ञाला घरी बोलावून हिरवा थर रेघांच्या वर आणायला लावला होता. कारण काय, तर आपण निसर्गप्रेमी आहोत, निसर्ग पायवाटेच्या खाली राहणं बरं दिसत नाही. आणि सर्वज्ञाने तो आणून तीच फाईल सगळ्यांना वाटली. पुस्तकाचं उरलेलं निम्मं, ज्यात असं का करू नये ते लिहिलेलं असतं, ते त्याने वाचलेलं नव्हतं. आधी मला विचारलं असतं तर, असं मी म्हणणार होतो, पण बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग.

दादा, समोर वाट होती. गाडी जाईल एवढी रुंद, वर्षानुवर्षं पायांनी गुळगुळीत झालेली वाट. त्या पन्नासांतला एकही तिच्याकडे बघेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. यंत्रात वाट दिसत नाही म्हणजे वाट नाही, असं ठरवून सगळे पडद्यावर जे दिसत होतं त्याच्या मागे निघाले. दिसत होते फक्त ठिपके, कारण ते हिरव्याच्याही वर होते. मग काय, अध्यक्षांच्या वडिलांच्या बाकापासून आजोबांच्या बाकापर्यंत सरळ रेषेत, काट्यांतून, ओढ्यातून, आणि एका ठिकाणी तर कुंपणावरून. दोघं नवराबायको तहानेने 'पिण्याच्या पाण्याची सोय' शोधत टेकडी उतरून शहरात गेले आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात पोहोचले. बाईंना पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली, दाढ काढायची. उरलेल्यांना मी ओरडून सांगत होतो की वर बघा, वाट समोर आहे. सर्वज्ञ मला म्हणाला की काका, तुमचं यंत्र जुनं आहे.

बाकं संपली तेव्हा लोक घाबरे झाले आणि त्यांनी नकाशा लांब करून पाहिला. लांब केल्यावर बाकं आणि नळ नाहीसे होतात, मी तसंच लावलं होतं. पण एक ठिपका राहिला. त्याला नाव नव्हतं. आणखी लांब केलं तरी तो तिथेच. शेजारचा तालुका पडद्यात आला तरी तो तिथेच. कोणी तरी म्हणालं की हाच मोहिमेचा शेवट असणार, इथेच डबे खायचे, म्हणूनच तो इतका लांबून दाखवला आहे. आणि सगळे तिकडे निघाले. तो ठिपका म्हणजे यंत्रातली खोट होती. असे ठिपके कधी कधी येतात. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

ठिपका हिच्या दगडावर होता. ही तिथे बसली होती. मंडळाच्या मोहिमेत हिने नाव दिलं नव्हतं, सकाळीच एकटी थर्मास घेऊन निघून आली होती. झाडांतून आधी सर्वज्ञ बाहेर आला, मग अध्यक्ष, मग पन्नास माणसं, ओरखडलेली, घामाघूम आणि भुकेली. डबे उघडले गेले, कागद उडाले, कोणी हिच्या थर्मासमधला चहा विचारून आणि कोणी न विचारता घेतला. ही उठून उभी राहिली म्हणून अध्यक्ष दगडावर बसले. बसून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि जाहीर केलं की जागा फार छान आहे, इथे एक बाक झालंच पाहिजे, नावाच्या पाटीसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी सगळ्यांच्या मागून पोहोचलो. हिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सवय आहे. हे तसं नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत यांना?"

मी म्हणालो, यंत्रातली खोट आहे. सगळी कार्यकारिणी ऐकत होती, दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात बघत होते. मी दुसरं काय म्हणणार? ही थर्मासचं झाकण शोधून खाली गेली. मी घरी पोहोचलो तेव्हा हिची पिशवी भरलेली होती. हिने जाताना एक गोष्ट केली, ती तुमच्या कानावर घालतो. एकटी टेकडीवर जाते म्हणून हिलाही मी एक साधं यंत्र घेऊन दिलं होतं, ते दाराजवळच्या खुंटीवर असतं. ते यंत्र घेऊन गेली, पण त्यातले दोन्ही सेल काढून टेबलावर ठेवून गेली. याचा अर्थ मला लागत नाही. तुम्ही वडील आहात, कोर्टात पुरावे पाहिले आहेत, तुम्हाला लागला तर कळवा.

मोहिमेनंतरच्या बैठकीत सगळा ठपका अर्थातच नकाशावर आला. नाचता येईना अंगण वाकडं. अध्यक्ष म्हणाले की निसर्गाचा थर अगदी बरोबर होता, वाटाच चुकीच्या जागी होत्या. मग डॉक्टरांनी त्या ठिपक्याचा विषय काढला. नाव नाही, प्रकार नाही, आणि सगळीकडून दिसतो, हा कोणी टाकला? मी पुन्हा सांगितलं की यंत्रातली खोट. सर्वज्ञ म्हणाला की ठिपके आपोआप येत नाहीत. मी त्याला विचारलं की पुस्तकाच्या कुठल्या पानावर लिहिलं आहे, आणि तो यंत्राची बटणं दाबू लागला, कारण ते उरलेल्या निम्म्यात आहे. मग अध्यक्षांनी बाकाचा ठराव मांडला. ठिपक्याच्या जागी, पुढच्या महिन्यात, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाने. तुम्हाला नवल वाटेल, पण ठरावाला मी अनुमोदन दिलं. इतकंच नाही, नकाशा दुरुस्त करून नवी फाईल सगळ्यांच्या यंत्रांत स्वतः घालून देण्याची जबाबदारीही अंगावर घेतली. घरोघर गेलो. एकाच्याही घरी चहा मिळाला नाही.

परवा बाक बसलं. कंत्राटदार यंत्र हातात धरून आला आणि ठिपका जिथे होता तिथे त्याने खड्डे खणून बाक घट्ट सिमेंटमध्ये रोवलं. दुरुस्तीच्या ओघात ठिपका थोडा सरकला होता. त्यामुळे बाक आता टेकडीवरच्या पंपघराच्या मागे आहे, भिंतीपासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून. अध्यक्षांनी फीत कापली, बाकावर बसले, समोरच्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की जागा फार शांत आहे. मागच्या वेळी इथे झाडं होती असं एक बाई पुटपुटल्या. सर्वज्ञाने यंत्र दाखवून त्यांची समजूत घातली. पंप सुरू झाल्यावर सगळे पांगले.

तेव्हा मुद्दा एवढाच की या सगळ्या प्रकारात मूर्ख कोण कोण होते ते तुमच्या लक्षात आलं असेल, आणि मी त्यांत कुठे बसतो हेही तुम्ही न्यायाने ठरवाल. हिला हे पत्र वाचायला दिलंत तरी माझी हरकत नाही. मोठ्याने वाचून दाखवलंत तर बरं, म्हणजे मधे मधे सोडून वाचता येणार नाही. वहिनींना नमस्कार, खोकल्याची काळजी घ्यायला सांगा.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावर पाणी प्यालेला

ता. क. : स्वयंपाकघरातले आकडे काढून टाकले. डबे फळीवर परत ठेवले, पण आधी कोण कोणाशेजारी होतं ते मला माहीत नाही. काल चहाच्या जागी काही तरी उकळलं, प्यायलो, अजून कळलेलं नाही काय होतं. हिने तेवढ्यापुरतं येऊन डबे लावून दिले तर चालेल. सल्लागार म्हणून. परत ये असं मी म्हणत नाही.

ता. क. दुसरा : सोबतच्या पुडीत दोन सेल आहेत, नवे. हिच्या यंत्रात घालायला सांगा, गोल टोक वरच्या बाजूला. त्या यंत्रात जुनीच फाईल आहे, ती मी बदललेली नाही, आता एवढ्या एकाच यंत्रात ती आहे. यंत्र सुरू केलं की जवळ-लांब काही करावं लागणार नाही, हिला ते बटण सापडत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तो ठिपका सगळीकडून दिसेल असा लावला होता, तुमच्या घरातूनही दिसेल. नाव घातलं नाही, कारण नियम मीच केला होता. फक्त हिच्या यंत्रात टाकायचा होता, वेगळी फाईल करायला हवी होती, ती केली नाही आणि तो सगळ्यांच्या यंत्रांत गेला. मोहिमेच्या दिवशी ही यंत्र सुरू करेल आणि बघेल असं वाटलं होतं. खोट यंत्रातली नव्हती.

ता. क. शेवटचा : आज मी वर गेलो होतो, यंत्राशिवाय. टाकीपुढच्या वळणावर दोनदा चुकलो, पण सापडला. दगड तसाच आहे, कागद मी वेचून आणले. गुडघ्यामुळे बसायला वेळ लागला आणि उठायला त्याहून जास्त. ही म्हणते ते खरं आहे, तिथून आपली गच्ची स्पष्ट दिसते. ही गेली त्या दिवशी वाळत घातलेले कपडे अजून दोरीवर आहेत. हिला एवढंच सांगा.